भांडं केवढं घ्यायचं?

शीर्षक वाचून हा लेख मेस कमिटीने लिहिलाय असं वाटेल. तसं नाही. हा लेख जेम्स प्रेस्कॉट ज्यूल ह्या माणसाबद्दल आहे. हो, तोच, ज्याचं नाव आपण फर्स्ट इयरपासून प्रत्येक उत्तराच्या शेवटी लिहितो आणि लिहायला विसरलो तर अर्धा मार्क जातो. आणखी एक आधीच सांगून टाकते, लेखात बीअर भरपूर येणार आहे. रेक्टर मॅडमनी घाबरू नये. बहुतेक बीअर इंग्लंडातली आहे आणि जवळजवळ दोनशे वर्षं जुनी आहे.

ह्या माणसाच्या मागे मी का लागले ते आधी सांगते. पहिल्या वर्षी फिजिक्सला एक प्रॅक्टिकल होतं. कॅलरीमीटरमध्ये पाणी घ्यायचं, तारेतून करंट सोडायचा, पाणी किती तापलं ते बघायचं आणि एक कॅलरी म्हणजे किती ज्यूल ते काढायचं. उत्तर ४.२ च्या आसपास यायला हवं. आमच्या चौघींच्या ग्रुपचं आलं ५.१. कॅलरीमीटरचं झाकण नीट बसत नव्हतं आणि थर्मामीटरवर एक-एक डिग्रीच्या खुणा होत्या, त्यामुळे यायचं तेच आलं. मग आम्ही काय केलं? जे सगळे करतात तेच. ४.१९ हे उत्तर धरून उलटं गणित केलं, टेंपरेचरचे आकडे पाडले आणि जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिले. सही मिळाली. आमच्यातल्या एकीने मात्र ५.१ च ठेवलं. तिला रिपीट मिळालं.

नंतर एका सुट्टीत ज्यूलबद्दल वाचायला लागले आणि कळलं की त्याचे स्वतःचे पहिले आकडे आमच्यापेक्षाही वेडेवाकडे होते. फरक एवढाच की त्याने ते छापले.

ज्यूलचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी सॅल्फर्डला झाला. सॅल्फर्ड म्हणजे मँचेस्टरला खेटून असलेलं गाव, मधे फक्त नदी. घर बीअरच्या कारखान्याला लागूनच होतं. ब्रूअरी आजोबांनी सुरू केलेली, वडील बेंजामिन ती चालवत होते. घरात पैसा होता. जेम्स लहानपणापासून नाजूक प्रकृतीचा, पाठीच्या कण्याचा त्रास असलेला आणि लाजाळू. म्हणून शाळा घरीच झाली. १८३४ साली वडिलांनी त्याला आणि मोठ्या भावाला शिकवणीला घातलं ते थेट जॉन डाल्टनकडे. अणुसिद्धांतवाला डाल्टन! डाल्टनने आधी अंकगणित, बीजगणित नि भूमिती पक्की करून घेतली. केमिस्ट्रीकडे गाडी नीट वळण्याआधीच, १८३७ साली, डाल्टनला अर्धांगाचा झटका आला आणि शिकवणी संपली. ह्यापुढे ज्यूलने कुठल्याही युनिव्हर्सिटीत पाऊल टाकलं नाही. डिग्री नाही, प्रोफेसरशिप नाही. (मानद पदव्या पुढे मिळाल्या, पण तो भाग वेगळा.)

हा लाजाळू मुलगा भावाबरोबर मात्र भलते उद्योग करायचा. विंडरमियर तळ्यावर प्रतिध्वनी ऐकण्यासाठी पिस्तुलात तिप्पट दारू ठासली. पिस्तूल हातातून उडून तळ्यात गेलं. दुसऱ्या एका प्रयोगात स्वतःच्या भुवया जाळून घेतल्या. घरातल्या मोलकरणीला बॅटरीचे शॉक देऊन ते कसे लागतात हे विचारत बसला, ते ती बेशुद्ध पडेपर्यंत. ही शेवटची गोष्ट चरित्रकार गंमत म्हणून सांगतात. मला त्यात गंमत वाटली नाही. त्या मुलीचं म्हणणं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आता ब्रूअरीकडे येऊ, कारण खरी शाळा तीच. वडिलांची तब्येत ढासळल्यावर दोघं भाऊ कामाला लागले. ज्यूलचा दिवस ब्रूअरीत जायचा आणि प्रयोग व्हायचे ते त्याच्या आधी किंवा नंतर. आपल्यातले जे सबमिशनच्या आदल्या रात्री काम करतात त्यांनी फार खूश होऊ नये, तो हे वर्षानुवर्षं करत होता.

बीअर कशी बनते? बार्लीला मोड आणून ती वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. ते भरडून गरम पाण्यात भिजत ठेवायचं. पाणी साधारण ६५ अंश सेल्सियसला हवं. तेवढ्यावर माल्टमधली एन्झाइम्स पिठाची साखर करतात. ७५ च्या वर गेलात तर एन्झाइम्स मरतात आणि हातात राहते पेज. फार खाली राहिलात तरी काम होत नाही. मग तो गोड काढा गाळून हॉप्सबरोबर तासभर रटरट उकळायचा, थंड करायचा, आणि यीस्ट टाकून आंबवायचा. यीस्टला गरम चालत नाही, इंग्लिश बीअरला २० च्या खालीच बरं पडतं. म्हणजे एकाच मालाला ६५, मग १००, मग २० च्या आत आणायचं. बीअर करणं म्हणजे चव वगैरे नंतर, आधी निव्वळ उष्णतेची ने-आण.

थर्मामीटर येण्याआधी ब्रूअर लोक उकळलेलं पाणी वाफ कमी होऊन त्यात आपला चेहरा दिसेपर्यंत निवू द्यायचे आणि मग माल्ट टाकायचे. १७६२ साली मायकेल कॉम्ब्रून नावाच्या ब्रूअरने पुस्तक लिहून थर्मामीटर वापरा असं सांगितलं. १७८४ साली जॉन रिचर्डसनने काढ्यातली साखर मोजायचा सॅकरोमीटर आणला. ज्यूल कामाला लागला तोपर्यंत चांगल्या ब्रूअरीत थर्मामीटर ही आपल्याकडच्या तराजूसारखी रोजची वस्तू झाली होती. प्रयोगशाळेतल्या मोठ्या शास्त्रज्ञांनी काचेच्या कपाटात ठेवलेलं यंत्र ह्या पोराच्या रोज हातात होतं.

आणि भांडी! ज्यात काढा उकळतात त्या हंड्याला इंग्रज लोक सरळ कॉपर म्हणतात, कारण तो तांब्याचा असायचा. आपल्या आजोळच्या न्हाणीतला बंब आठवा, तो दहा-वीसपट मोठा केला की झालं. तांबं उष्णता पटकन सगळीकडे पोचवतं, म्हणून तळाला करपत नाही.

भांडं केवढं घ्यायचं हा ह्या धंद्यातला पहिला प्रश्न. आजही ज्या देशांत घरी बीअर करायला मुभा आहे (ब्रिटनमध्ये १९६३ पासून लायसन्स लागत नाही, अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने परवानगी मिळाली, आपल्याकडे परवान्याशिवाय हा गुन्हा आहे, नोंद घ्यावी) तिथे नव्याने शिकणारा ह्याच प्रश्नावर अडतो. वीस लिटर बीअर हवी तर वीस लिटरचं पातेलं घ्यावं असं वाटतं. घेतलं की फसला. तासभर उकळताना तीन-चार लिटर पाणी वाफ होऊन जातं, थोडं गाळात राहतं, म्हणजे सुरुवातच पंचवीस-सत्तावीस लिटरने करायची. वर काढा उकळताना दुधासारखा फेस धरून उतू जातो, त्याला जागा हवी. म्हणून भांडं तीस ते अडतीस लिटरचं. उथळ आणि पसरट घेतलं तर वाफ जास्त जाते, फार उंच आणि अरुंद घेतलं तर ढवळता येत नाही. मग साठ लिटरचंच का घेऊ नये? कारण खाली शेगडी आहे. सत्तावीस लिटर पाणी ६५ वरून १०० अंशाला न्यायला सुमारे ३९ लाख ५० हजार ज्यूल लागतात. शेगडीची दोन किलोवॅट उष्णता खरोखर पाण्यात जात असेल तर ३३ मिनिटं. दुप्पट माल घेतलात तर तासाच्या वर, आणि तोपर्यंत मोठं भांडं बाजूने उष्णता हवेत सोडत बसणार. उकळून झाल्यावर तोच माल लवकर थंडही करायचाय, नाहीतर नको ते जंतू शिरतात, म्हणून तांब्याच्या नळीचं वेटोळं आत सोडून त्यातून गार पाणी फिरवतात. मेसमध्ये रात्रीचं पातेलंभर वरण सकाळपर्यंत का आंबतं आणि वाटीतलं का नाही, हे ज्याने पाहिलंय त्याला मी काय म्हणतेय ते कळेल. घनफळ वाढतं घनाने आणि पृष्ठभाग वाढतो वर्गाने. मोठं भांडं आपली उष्णता सोडत नाही.

ब्रूअरीत हा प्रश्न शंभरपट मोठा. आंबताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं. छोट्या पिंपात ती निघून जाते, अजस्र टाकीत साठत जाते आणि माल बिघडतो. मोठ्या टाक्यांचा हव्यास तेव्हा लंडनमध्ये इतका वाढला होता की १७ ऑक्टोबर १८१४ रोजी म्यू कंपनीच्या हॉर्स शू ब्रूअरीतली २२ फूट उंचीची टाकी फुटली, शेजारच्या टाक्या फुटल्या, बीअरचा लोंढा मागच्या गरीब वस्तीत घुसला आणि आठ माणसं मेली. ज्यूलच्या जन्माआधी चार वर्षं. तेव्हा भांड्याचा आकार हा ब्रूअरच्या घरात हसण्यावारी नेण्याचा विषय नव्हता.

आता बघा, ज्यूल फिजिक्सकडे वळला तो काही विश्वाचं कोडं सोडवायला नाही. नवीनच निघालेली इलेक्ट्रिक मोटर वाफेच्या इंजिनापेक्षा स्वस्त पडेल का, हा त्याचा प्रश्न होता. पक्का धंदेवाईक हिशेब! मोटर बॅटरीवर चालायची आणि बॅटरी जस्त खायची. त्याने मोजलं. एक पौंड जस्तातून मिळणारं काम हे एका चांगल्या कॉर्निश इंजिनात जाळलेल्या एक पौंड कोळशाच्या कामाच्या जेमतेम पाचवा हिस्सा, आणि जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग. मोटरचा विषय संपला. पण हे करताना तारा तापतात हे लक्षात आलं. १८४० साली त्याने नियम काढला, करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. वय २१. रॉयल सोसायटीने त्याचा फक्त सारांश छापला.

पण मग ही उष्णता येते कुठून? त्या काळी बहुतेकांचं मत होतं की उष्णता हा एक द्रव आहे, कॅलरिक. तो एका वस्तूतून दुसरीत जातो, पण निर्माण होत नाही नि नष्टही होत नाही. ज्यूलने एक छोटं इलेक्ट्रोमॅग्नेट पाण्याच्या नळीत बंद करून मोठ्या चुंबकाच्या मधोमध फिरवलं. फिरवायला काम लागलं, पाणी तापलं. कुठून काही वाहत आलं नव्हतं. मग त्याने वजनं लावून मोजलं, एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला किती पौंड वजन एक फूट खाली यावं लागतं?

१८४३ साली आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्याने हे वाचलं. सरासरी ८३८ फूट-पौंड. आणि वेगवेगळ्या वेळचे आकडे? ५८७ पासून १०४० पर्यंत. मी हे आपल्या एककात करून पाहिलं. ३.१६ ते ५.६० ज्यूल प्रति कॅलरी! आमचं ५.१ त्यात आरामात बसतं. माझ्या बाबतीत हे वाचून आधी हसू आलं आणि मग ते जर्नल आठवलं. २४ वर्षांचा बीअरवाला, समोर देशातले मोठे शास्त्रज्ञ, आणि हा सांगतोय की निसर्गात एक पक्का आकडा आहे आणि माझ्या हातात तो ५८७ पण येतो नि १०४० पण येतो. सभेत शांतता पसरली. कोणी विरोधसुद्धा केला नाही. पुढच्या वर्षी हवा दाबण्या-पसरण्याचा त्याचा निबंध रॉयल सोसायटीने परत केला.

हे प्रामाणिकपणाने केलं की हट्टाने, मला ठरवता येत नाही. पण त्यानंतर त्याने जे केलं ते एखादा ब्रूअरच करील. सिद्धांतावर वाद घालण्याऐवजी भांडं सुधारायला घेतलं.

तेच हे प्रसिद्ध चक्राचं यंत्र, ज्याची आकृती आपण बारावीपासून काढतो. पाण्यात पितळी पंखे, दोरी, दोन बाजूला वजनं. आकृतीत ते इतकं सोपं दिसतं की त्यात काय एवढं असं वाटतं. मलाही वाटलं होतं. १८५० साली छापलेल्या निबंधातल्या यंत्राचे तपशील वाचा म्हणजे कळेल. मुळात ती ताक घुसळायची रवीच. पण रवी एकाच दिशेने फिरली की पाणीही तिच्याबरोबर गोल फिरायला लागतं आणि घर्षण कमी होतं. म्हणून भांड्याच्या आत स्थिर पट्ट्या, त्यांच्या फटींतून पंखे जातात, पाणी अडतं. भांडं तांब्याचं. वर झाकण, त्याला दोन भोकं, एक दांड्याला आणि एक थर्मामीटरला. दांड्यातून उष्णता निसटू नये म्हणून मधे लाकडाचा तुकडा. भांडं ठेवलंय तो लाकडी स्टूलही फटी पाडलेला, जेणेकरून खालून हवा लागेल आणि लाकूड उष्णता धरणार नाही. प्रयोग तळघरात, कारण तिथलं तापमान दिवसभर हलत नाही. बीअर तळघरात का ठेवतात? त्याचसाठी. आणि ह्यावर कडी म्हणजे माणूस आणि भांडं यांच्यामधे एक मोठा लाकडी पडदा, कारण प्रयोग करणाऱ्याच्या अंगाची उष्णता भांड्याला लागते. (आम्ही चौघी कॅलरीमीटरवर ओणव्या होऊन रीडिंग घेत होतो.)

पारा वापरून तोच प्रयोग केला तेव्हा तांबं-पितळ सगळं बाजूला ठेवलं आणि भांडं, पंखा लोखंडाचा केला, कारण पारा तांब्या-पितळेला खातो, लोखंडाला नाही. त्याआधी व्हेल माशाच्या तेलातही करून झालं होतं. कोणत्या मालाला कोणतं भांडं, ही जाण पुस्तकातून येत नाही.

आणि भांड्याचा आकार? आत पाणी सुमारे सहा लिटर. वजनं प्रत्येकी २९ पौंडांची, म्हणजे १३ किलो. ती ६३ इंच खाली यायची, परत गुंडाळायची, असं वीस वेळा. पस्तीस मिनिटं. एवढं करून पाणी तापतं किती? ०.५७ अंश फॅरनहाइट. आपल्या हिशेबाने ०.३२ अंश सेल्सियस! आता सहाऐवजी साठ लिटरचं भांडं घेतलं असतं तर ०.०३ अंश, म्हणजे काही दिसलंच नसतं. एक लिटरचं घेतलं असतं तर जवळजवळ दोन अंश, वाचायला किती सोपं! पण छोट्या भांड्याला पाण्याच्या मानाने पृष्ठभाग जास्त, त्यामुळे निसटणारी उष्णता जास्त, वर भांड्याच्या धातूचा वाटाही वाढणार. सहा लिटरला धातूचा वाटा सुमारे चार टक्के आहे, एक लिटरला तो दुप्पट झाला असता, आणि धातूची विशिष्ट उष्णता तेव्हा इतकी नेमकी माहीत नव्हती की त्यावर भिस्त ठेवावी. म्हणजे सहा लिटर. शेगडी, माल आणि गळती यांचा मेळ घालणारं भांडं. पुस्तकात हे कुठे असं लिहिलेलं मला सापडलं नाही, मी आपली वहीवर आकडेमोड केली आणि तेच उत्तर आलं.

पण मग पाव-अर्धा अंश वाचायचा कसा? त्यासाठी मँचेस्टरच्या जॉन बेंजामिन डान्सर या कारागिराकडून त्याने थर्मामीटर करून घेतले. नळीच्या आतल्या पोकळीतले बारीकसारीक फरक मोजून आखलेले. एक अंश फॅरनहाइटचा दोनशेवा भाग आपण डोळ्याने वाचू शकतो असं ज्यूल सांगायचा. लंडनच्या लोकांना ही शुद्ध थाप वाटली. बीअरवाल्याचा डोळा कशाचा, हे त्यांना माहीत नव्हतं.

हा प्रयोग त्याने पाण्यावर ४० वेळा केला. आणि प्रत्येकाच्या जोडीला तेवढाच वेळ नुसतं भांडं ठेवून, काही न फिरवता, तापमान किती सरकतं ते बघितलं. तेही ४० वेळा. उत्तर ७७२.६९२ आलं. पाऱ्यात ७७४.०८३. लोखंडाच्या घर्षणाने ७७४.९८७. ५८७ ते १०४० वरून इथपर्यंत यायला सात वर्षं लागली.

१९९० च्या दशकात ओटो सिबुम नावाच्या जर्मन इतिहासकाराने हे यंत्र हुबेहूब बनवून प्रयोग पुन्हा केला. वजनं गुंडाळणं हीच मोठी मेहनत, माणूस घामाघूम होतो आणि खोली तापते. शांतपणे, एका लयीत, खोली न तापवता हे करायला कसब लागतं, आणि ते कसब ज्यूलला ब्रूअरीने दिलं असा सिबुमचा निष्कर्ष आहे. मला तो पटतो.

ज्यूलला खरा श्रोता मिळाला तो १८४७ च्या जूनमध्ये ऑक्सफर्डला. अध्यक्षांनी थोडक्यात आटपायला सांगितलं होतं. श्रोत्यांत विल्यम थॉमसन होता, पुढचा लॉर्ड केल्विन, वय २३. त्याला आधी वाटलं हा माणूस चुकतोय, मग वाटलं ह्यात काहीतरी आहे. त्याच ऑगस्टमध्ये ज्यूलचं अमेलिया ग्राइम्सशी लग्न झालं आणि जोडपं आल्प्समध्ये गेलं. तिथे शामोनीजवळ थॉमसनला ज्यूल भेटला. धबधब्याच्या वरचं आणि खालचं पाणी मोजण्यासाठी त्याच्या हातात भलामोठा थर्मामीटर होता, असं थॉमसन पुढे सांगायचा. किस्स्यात मसाला असावा, पण हिशेब खरा आहे. नायगारा १६० फूट धरला तर खालचं पाणी एक पंचमांश अंश फॅरनहाइटने गरम असलं पाहिजे, हे ज्यूलने आधीच लिहिलं होतं. आल्प्समधल्या धबधब्याने मात्र दाद दिली नाही. पाणी खाली पोचेपर्यंत तुषार होऊन उडून जात होतं. इथे भांडंच नव्हतं!

ह्या ओळखीतून ज्यूल-थॉमसन परिणाम निघाला. दाबाखालचा वायू बारीक छिद्रातून सोडला की थंड होतो, थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात दर वर्षी येतो, त्यामुळे जास्त सांगत नाही. जर्मनीत रॉबर्ट मायर नावाच्या डॉक्टरने ज्यूलच्या आधी, १८४२ साली, हीच कल्पना मांडली होती आणि मोठा वाद झाला, तोही सोडते. मायरला कल्पना आधी सुचली, ज्यूलने मोजलं. मी इंजिनिअरिंगला आहे, माझं मत कुणाला जाणार हे उघड आहे.

१८५० साली ज्यूल रॉयल सोसायटीचा फेलो झाला. ज्या सोसायटीने निबंध परत केला होता, तीच. १८५४ साल वाईट गेलं. अमेलिया वारली, पदरात दोन लहान मुलं. त्याच सुमारास ब्रूअरी विकली गेली. त्याने पुन्हा लग्न केलं नाही. प्रयोग चालू होते, पण पैसा हळूहळू संपला आणि १८७८ साली सरकारने वर्षाला २०० पौंडांचं पेन्शन दिलं. त्याच वर्षी, साठीला टेकलेला असताना, त्याने चक्राचा प्रयोग शेवटचा केला. उत्तर ७७२.५५.

उष्णता आणि कामाच्या एककाला त्याचं नाव द्यावं असं १८८२ मध्ये विल्यम सीमेन्सने सुचवलं. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने ते मान्य केलं ऑगस्ट १८८९ च्या शेवटी. ज्यूल ११ ऑक्टोबर १८८९ रोजी सेल या गावी वारला. म्हणजे एकक म्हणून तो जेमतेम सहा आठवडे जगला.

त्याची कबर सेलजवळच्या ब्रुकलँड्स दफनभूमीत आहे. खाली सेंट जॉनच्या शुभवर्तमानातला एक संदर्भ कोरलाय (कॉन्व्हेंटमध्ये बारा वर्षं काढल्याने तो मला लगेच ओळखू आला) आणि वर ७७२.५५ हा आकडा.

तो आकडा बरोबर नाही. आज आपण ७७८.१७ धरतो. चूक पाऊण टक्क्याच्याही आतली, आणि तीही बरीचशी थर्मामीटरची. अमेरिकेत हेन्री रोलंडने १८७९ साली ज्यूलचे थर्मामीटर हवेच्या थर्मामीटरशी ताडून पाहिले, तेव्हा पाऱ्याच्या मापात फरक निघाला आणि ज्यूलचा आकडा वर सरकला. भांड्यात काही खोट नव्हती. दगडावर मात्र अजून ७७२.५५ च आहे. कोणी खोडून ७७८ केलेलं नाही.